अशीच राहा

पवनारच्या महादेवराव झाड्यांची थोरली पोरगी जयवंता हिला एकोणिसावं लागलं, त्या वर्षी दिवाळी सरल्यावर धाम नदीच्या पुलाशी मुंबईचे दोन ट्रक येऊन उभे राहिले. साल सत्याहत्तर. कापसाचा पहिला वेचा घरात येऊन पडला होता, तूर अजून हिरवी होती, आणि नदीला कमरेइतकं पाणी होतं. ट्रकांतून माणसं उतरली, पेट्या उतरल्या, चंदेरी कागद लावलेल्या मोठाल्या फळ्या उतरल्या आणि गावभर झालं, शिनेमावाले आले.

पिक्चर हिंदी होता. कॉलेजातली पोरंपोरी खेड्यात शिबिराला येतात, एकाचं एकीवर मन बसतं, खेड्यातली एक मैत्रीण त्या दोघांना मदत करते, अशी काहीशी गोष्ट. त्या मैत्रिणीचं काम करायला मुंबईहून आणलेली मुलगी दुसऱ्याच दिवशी तापाने फणफणली. मग शिनेमावाल्यांची एक बाई गावात पोरी पाहत फिरू लागली. डोळ्यांवर जाड चष्मा, अंगात खादीचा झब्बा, वय असेल अठ्ठावीस-तीस. तिचं नाव कुंदा. तिला जयवंता दिसली ती नदीवर, काळ्या खडकावर धुणं आपटताना.

"हिंदी बोलता येतं का ग तुला?" कुंदाताईने विचारलं.

"येते थोडं थोडं. वर्धेले बोलतेतच सारे."

"म्हण बरं, दीदी, शहर जाकर हमें भूल तो नहीं जाओगी?"

जयवंताने धुणं बाजूला ठेवलं, पदराला हात पुसले आणि म्हटलं. एकदाच म्हटलं. कुंदाताई तिच्याकडे बघतच राहिली, आणि त्याच दिवशी महादेवरावांच्या ओसरीवर येऊन बसली.

महादेवराव नाही म्हणणार हे उभ्या गावाने धरून ठेवलं होतं. पण कुंदाताईने त्यांना 'काका' म्हटलं, त्यांच्या बायकोच्या, देवकाबाईच्या हातची ज्वारीची भाकर आणि जवसाची चटणी मागून खाल्ली, आणि सांगितलं, "जयवंता माझ्या धाकट्या बहिणीसारखी. माझ्या नजरेबाहेर एक पाऊल टाकू देणार नाही." महादेवराव विरघळले. शिवाय शिनेमावाल्यांना नायिकेच्या मावशीचं घर म्हणून त्यांच्याच घराचं दार आवडलं होतं. जुनं सागाचं, पितळी कडी असलेलं. आपलं दार पडद्यावर दिसणार, आपली पोरगी दिसणार. ते रात्री बायकोला म्हणाले म्हणे, "देवका, आपल्या सात पिढ्यात असं झालं नोतं."

बारा-पंधरा दिवस जयवंता हिरवा घागरा-चोळी घालून नदीकाठी फिरली. कुंदाताईने कात्री घेऊन तिच्या कपाळावर भुवईपर्यंत बटा कापल्या. देवकाबाईने ते पाहून कपाळाला हात लावला. पण लेक इतकी खुशीत होती की बोलली नाही. नदीतला प्रसंग झाला. पाण्यातून चालत येऊन नायिकेचा हात धरायचा आणि ते एक वाक्य म्हणायचं. मग ती आपल्याच घराच्या दाराशी आली, कडी वाजवली, दार लोटून आत गेली. आत देवकाबाई चुलीपाशी बसली होती. "झालं का वं?" तिने विचारलं.

झालं नव्हतं, अर्धंच झालं होतं. मंडळी निघायच्या आदल्या दुपारी कुंदाताईने जयवंताला समजावून सांगितलं. "हे बघ, पिक्चर तुकड्यातुकड्यांनी काढतात. आज तू दारातून आत गेलीस. आतलं घर आम्ही मुंबईत बांधणार, तिथला प्रसंग दोन-तीन महिन्यांनी घेणार. तुला आणि काकांना मुंबईला नेणार. पण पडद्यावर मधले तीन महिने नसतातच. पापणी लवायच्या आत तू बाहेरून आत. मग आत गेलेली मुलगी तीच दिसायला हवी ना? म्हणून जशी आज आहेस तशीच राहा. बटा वाढू द्यायच्या नाहीत. उन्हात रापायचं नाही. जाड व्हायचं नाही, वाळायचं नाही. नाक टोचायचं नाही, गोंदायचं नाही. हे सगळं जुळवणं माझं काम आहे. चुकलं तर लोक मलाच हसतील."

"नाई चुकू देत," जयवंता म्हणाली.

देवकाबाईने कुंदाताईची ओटी भरली, माहेरवाशिणीची भरावी तशी. निरोप देताना तिच्या डोळ्यांत पाणी होतं. कुंदाताईच्याही होतं, ते सगळ्यांनी पाहिलं.

त्यानंतर जयवंताने स्वतःला जपलं, लोणच्याची बरणी जपावी तसं. तूर सोंगायला सारं घर वावरात गेलं तरी ती उन्हात गेली नाही. तिच्या जागी महादेवरावांनी मजूर बाई लावली. दर आठवड्याला आरशापुढे बसून ती बटा कापायची. शेजारची रुख्माबाई कुंपणावरून टोमणा मारायची, "काय वं जयवंता, गवऱ्या थापाले तरी येतं का हात तुहा, का तोही शिनेमात गेला?" जयवंता हसून सोडून द्यायची. आपण कशासाठी थांबलोय हे तिला पक्कं ठाऊक होतं.

पौष सरताच हिंगणघाटच्या लक्ष्मणरावांकडून तिला पाहायला आले. त्यांचा मुलगा श्रावण तिथल्या कापड गिरणीत फिटर होता. पोहे झाले, सुपारी फिरली, मोठ्यांचं बोलणं चाललं असताना श्रावणने हळूच विचारलं, "नदीत पोहता येते का तुमाले?" पाहायला आलेल्या कोणी असं विचारल्याचं तिने ऐकलं नव्हतं. "येते," ती म्हणाली, "तुमाले?" "मले नाई येत," तो म्हणाला आणि दोघांनाही हसू फुटलं. तेवढ्या एका हसण्यावर जयवंताचं मन बसलं.

सोयरीक जमल्यातच जमा होती. लक्ष्मणरावांच्या बायकोची, सुलोचनाबाईंची, एकच गोष्ट होती. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, फाल्गुनात, आणि साक्षगंधाला सून नाकात चमकी घालून बसली पाहिजे. त्यांच्या घरची रीत होती ती.

"नाक नाई टोचत मी," जयवंता आईला म्हणाली. "चैतापर्यंत थांबा म्हणा त्याईले. मुंबईचं होऊन जाऊ दे."

"बाप्पा! एका चमकीनं काय जाते वं तुह्या शिनेमाचं?"

"आत गेलेली पोरगी तेच दिसाले पाहिजे, माय."

देवकाबाईला ते काही कळलं नाही. पण महादेवरावांनी लेकीची बाजू घेतली आणि हिंगणघाटला निरोप गेला, चैत्रात करू. तिकडून उत्तर आलं ते थोडं तुटक आलं. पाहू म्हणाले.

माघात कुंदाताई पुन्हा आली. या वेळी सोबत फक्त कॅमेरावाला आणि दोन माणसं. जयवंताला वाटलं, मुंबईला न्यायलाच आली. पण कुंदाताई म्हणाली, "दाराचा शॉट परत घ्यायचा आहे. पहिला बिघडला." तोच हिरवा घागरा तिने पिशवीतून काढला. आणि एक काळा दोरा काढून जयवंताच्या गळ्यात बांधला, मानेवर मागे मोठी गाठ मारून.

"ताई, मागच्या वक्ती हा नोता," जयवंता म्हणाली.

"असू दे. आता हाच हवा."

मग कॅमेरा तिच्या पाठीमागे लावला. "मान खाली घालून चालायचं. चेहरा इकडे वळवायचा नाही."

"मंग तोंड नाई दिसनार का माहं?"

 कुंदाताईने चष्मा काढून झब्ब्याच्या टोकाने पुसला. "आत गेल्यावर दिसणारच आहे की," ती म्हणाली.

जयवंता चालली, कडी वाजवली, आत गेली. एका झटक्यात झालं. सामान आवरत असताना ती कुंदाताईपाशी गेली. घरात कोणी ऐकणार नाही असं पाहून म्हणाली, "ताई, एक इचारू? खरं सांगा. माही सोयरीक जमून राह्यली. हिंगणघाटचं पोरगं हाय, चांगलं हाय. ते लोक नाक टोचा म्हणते, फाल्गुनात करा म्हणते. मी थांबाले सांगतलं. थांबू का नको थांबू, तुमी म्हणान तसं करतो."

कुंदाताईने तिच्या कपाळावरच्या बटा बोटाने सारख्या केल्या. "थांब," ती म्हणाली. "अशीच राहा. बोलावतेच मी तुला."

त्या एका शब्दावर जयवंता थांबली. फाल्गुन गेला. होळीच्या दुसऱ्या दिवशी हिंगणघाटहून निरोप आला, श्रावणचं समुद्रपूरच्या पोरीशी ठरलं.  संध्याकाळी जयवंताने कात्री घेतली आणि नेहमीसारख्या बटा कापल्या. चैत्र गेला, वैशाख गेला. बोलावणं आलं नाही. महादेवरावांनी मुंबईला दोनदा तार केली. पावसाळा लागला तेव्हा जयवंता गुमान वावरात जायला लागली आणि तिच्या बटा वाढून डोळ्यांवर आल्या.

पिक्चर वर्धेला लागला तो पुढच्या वर्षी, एकोणऐंशीच्या हिवाळ्यात. शूटिंगच्या वेळचं नाव बदललेलं होतं, त्यामुळे चार दिवस कोणाला पत्ताच नव्हता. मग गावातला कोणी पाहून आला आणि ओरडतच महादेवरावांच्या अंगणात शिरला, "काका, तुमचं दार दिसते! जयवंता दिसते!"

झालं. मुंबईला नेलं नसेल, पण पिक्चरात ठेवली तर खरी, असं महादेवरावांना वाटलं आणि मनातला सगळा राग क्षणात उतरला. दुसऱ्या दिवशी दुपारच्या खेळाला अर्धं पवनार एसटीने वर्धेला गेलं. महादेवरावांनी धुतलेलं धोतर नेसलं, डोक्याला फेटा बांधला. जयवंताला यायचं नव्हतं. वडलांच्या तोंडाकडे बघून ती निघाली. देवकाबाई तिच्या एका बाजूला बसली, महादेवराव दुसऱ्या.

पिक्चर बराच वेळ शहरातच चालला. मग नदी आली. आपली धाम नदी, आपले खडक. पवनारची माणसं खुर्च्यांतून उठून उभी राहिली. पाण्यातून जयवंता चालत आली, इतकी मोठी की देवकाबाईने डोळ्यांना पदर लावला. तिने नायिकेचा हात धरला, ओठ हलले. पण आवाज निघाला तो दुसऱ्याच कोणाचा तरी, बारीक, साखरेत घोळलेला. जयवंताने मान खाली घातली. "हा तुहा आवाज नाई," देवकाबाई कुजबुजली.

पुढच्याच क्षणी दार आलं. पाठमोरी मुलगी, हिरवा घागरा, मानेवर काळ्या दोऱ्याची गाठ. कडी वाजली. दार उघडलं. आणि आत गेली ती एक गोरीपान, गोल चेहऱ्याची, कधी न पाहिलेली पोरगी. तोच घागरा. गळ्यात तोच काळा दोरा.

 पुढच्या बाकांवरून कोणी कॉलेजचा पोरगा ओरडला, "अबे, दार लोटलं का पोट्टीच बदलली!" आणि हास्याचा असा लोट उठला की छपराखालचे पारवे उडाले. शिट्ट्या, टाळ्या. "एक घ्या, एक फुकट!" दुसरा ओरडला. पुन्हा हशा.

त्या हशात महादेवराव उभे राहिले आणि भाबडेपणाने मोठ्याने म्हणाले, "पण आमची जयवंता कोठी गेली?"

लोकांना वाटलं, म्हातारा मस्करी करतोय. हसून हसून त्यांचे डोळे भरले.

जयवंताचं मात्र त्या हसण्याकडे लक्ष नव्हतं. ती त्या काळ्या दोऱ्याकडे बघत होती. आत ती दुसरी मुलगी खळखळून बोलत होती, मान हलवत होती, आणि दोरा तिच्या गळ्यावर नीट बसलेला होता, मुळात तिच्यासाठीच आणलेला. म्हणजे माघात कुंदाताई आली तोवर आतलं सगळं होऊन गेलेलं होतं. पहिला शॉट बिघडला नव्हता. पहिल्या शॉटमध्ये जयवंताचा चेहरा होता, म्हणून तो नको होता. तिला पाठमोरी चालवली ती या मुलीची पाठ म्हणून. आणि त्याच दिवशी, तोच दोरा तिच्या गळ्यात असताना, तिने हात जोडल्यासारखं करून विचारलं होतं, थांबू का नको थांबू. आणि कुंदाताई म्हणाली होती, थांब.

ती उठली आणि अंधारात पायाने वाट शोधत बाहेर आली. मागून आईवडील आले. एसटी स्टँडवर तिघं बाकावर बसली.  मग महादेवराव म्हणाले, "तुही चूक नाई, बेटा."

"मले मालूम हाय बाबा," ती म्हणाली. त्यांनी रागवावं, कोणाला तरी शिव्या द्याव्या असं तिला वाटत होतं. ते फक्त फेट्याचं टोक बोटाला गुंडाळत बसले.

पुढे महिनाभर वर्धेची पोरं तो पिक्चर त्या एका चुकीसाठी पाहायला जात राहिली. चहाच्या टपरीवर कोणी दारातून आत शिरलं की ओरडायची, "अबे, तूच हाय ना?" पवनारमध्ये जयवंताला 'बदललेली' म्हणू लागले, आधी पाठीमागे, मग तोंडावर. महादेवरावांनी पुढच्या उन्हाळ्यात ते सागाचं दार काढलं आणि लोखंडी पत्र्याचं बसवलं. कारण विचारलं तर वाळवी लागली म्हणायचे.

ब्याऐंशीला जयवंताचं लग्न झालं. नवरा हिंगणघाटचाच, नत्थू नावाचा, पिठाची चक्की चालवणारा. पहिली बायको वारलेली, मूलबाळ नाही. तो कमी बोलणारा माणूस होता. सोयरीक ठरवताना कोणीतरी त्याच्या कानात शिनेमाची गोष्ट घातली, तेव्हा तो म्हणाला होता, "मले काय करायचं?" जयवंताला तेवढं पुरे होतं. तिने चक्की शिकून घेतली, पट्टा चढवायला, झिजलेला दगड खडबडीत करायला त्याला टाकी मारायला. नाक मात्र तिने टोचलं नाही. सासरच्या बायकांनी विचारलं तर म्हणायची, "राहून गेलं."

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात, दुपारी वीज गेली म्हणून चक्की बंद होती आणि ती पायरीवर बसली होती. समोर रिक्षा थांबली. उतरलेल्या बाईच्या अंगात झब्बा नव्हता, साडी होती, आणि केस कानांपाशी पांढरे झाले होते. पण चष्मा तोच.

"जयवंता," ती म्हणाली.

जयवंता उठली नाही. "पत्ता कोनं देल्ला?"

"पवनारला गेले होते. तुझ्या आईने दिला."

"घरात घेतलं का मायनं?"

"ओसरीवर बसवलं. पाणी दिलं." कुंदाताई पायरीच्या खालीच उभी होती. हिंगणघाटच्या कापसाच्या जिनिंगवर ती टीव्हीसाठी काहीतरी करत होती, म्हणून इकडे आली होती. तिने ते सांगितलं, पण जयवंताने ऐकलं न ऐकलं केलं. मग कुंदाताई म्हणाली, "ती मुलगी निर्मात्याची भाची होती. संक्रांतीच्या आधीच तिच्यावर आतलं सगळं घेतलं. नदीचा प्रसंग परत घ्यायला नायिकेच्या तारखा नव्हत्या. सगळे म्हणाले, लोकांच्या लक्षात येणार नाही. मला दाराचा शॉट आणायला पाठवलं. नाही म्हटलं असतं तर मला काढून टाकलं असतं."

"दाराचं नाई इचारत मी," जयवंता म्हणाली. "दार तं चालून देल्लं असतं मी. तुमी खरं सांगतलं असतं, जयवंता, तुहं तोंड नाई लागत, नुसती पाठ पाहिजे, तरी चालली असती. तुमी घरच्या वाटत होत्या. पण मी तुमाले इचारलं होतं, थांबू का म्हून. तेव्हा तुमी काऊन म्हटलं, थांब?"

 कुंदाताई चष्म्याशी चाळा करत उभी राहिली.

"खरं सांगितलं असतं तर तू रडली असतीस," ती शेवटी म्हणाली. "मला तेवढं बघायचं नव्हतं. गाडीची वेळ झाली होती."

"येवढंच?"

"हो. एवढंच."

जयवंताला वाटत होतं, यामागे काहीतरी मोठं असेल. कोणाचा दबाव, कोणाची शपथ. सात-आठ वर्षं तिने मनात कितीतरी कारणं रचून पाहिली होती आणि त्यातल्या काहींवर तिने कुंदाताईला थोडी थोडी माफीही दिली होती. कोणाचं रडणं बघायला नको, एवढ्यासाठी? 

"मला माफ करशील का?" कुंदाताईने विचारलं.

"नाई," जयवंता म्हणाली. मग ती उठली. "वर या. उन्हात नका उभ्या राहू. चहा ठेवतो."

दोघींनी चहा घेतला.  देवकाबाईची तब्येत कशी आहे एवढं कुंदाताईने विचारलं, आणि जयवंताने सांगितलं, गुडघे दुखते. रिक्षा परत आली तेव्हा कुंदाताई पायरी उतरून गेली.

वीज चार वाजता आली. नत्थू बाजारातून आला, तेव्हा जयवंता दगडाला टाकी मारत होती. कोण आलं होतं, त्याने विचारलं. आणि लग्नाच्या चार वर्षांत पहिल्यांदा तिने त्याला सगळं सांगितलं, नदीपासून काळ्या दोऱ्यापर्यंत, श्रावणचंही. तो पोत्यावर बसून ऐकत होता. 

ती थांबल्यावर म्हणाला, "म्हणजे थांब म्हणणारी तेच व्हय का हे बाई?"

"हाव."

"मंग तिले चहा कायले पाजला तू?"

जयवंताने हातातली टाकी खाली ठेवली. तोंडावरचं पीठ पदराने पुसलं.

"घरी आलती म्हून," ती म्हणाली.